अमरत्व आणि वारसा : मृत्युहीनतेच्या काही कथनांचा चिकित्सक विचार

गोषवारा

साहित्यातील अमरत्वाच्या कल्पनेची चर्चा बहुधा अमर व्यक्तीच्या वाट्याला येणाऱ्या कंटाळ्याभोवती फिरत राहते. प्रस्तुत निबंधात या कल्पनेचा विचार वारशाच्या अंगाने केला आहे. महाभारतातील ययाती व अश्वत्थामा यांच्या कथा, जोनाथन स्विफ्ट यांचे ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’, कारेल चापेक यांचे माक्रोपुलोसविषयक नाटक आणि जुझे सारामागो यांची ‘डेथ विथ इंटरप्शन्स’ ही कादंबरी यांच्या आधारे असे दाखवण्याचा प्रयत्न आहे की, या कथनांतील अमरत्वाचा मुख्य दोष अमर माणसाच्या मनात शोधण्यापेक्षा दोन पिढ्यांमधील देण्याघेण्यात शोधणे अधिक फलदायी ठरते. त्याचबरोबर ‘पुढच्या पिढीसाठी जागा’ या युक्तिवादातून वृद्धांविषयी निर्माण होऊ शकणाऱ्या क्रौर्याची दखलही याच साहित्याने कशी घेतली आहे, हे तपासले आहे.

बीजसंज्ञा : अमरत्व, मृत्युहीनता, वारसा, चिरंजीव, अश्वत्थामा, ययाती, वार्धक्य.

१. प्रास्ताविक

मराठीत ‘चिरंजीव’ या शब्दाचे दोन अर्थ रूढ आहेत. ज्याला मरण नाही असा, हा पहिला अर्थ. सात चिरंजीवांच्या नामावळीत अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, बिभीषण, कृपाचार्य आणि परशुराम यांची नावे घेतली जातात. दुसरा अर्थ मुलगा. लग्नपत्रिकेत वराच्या नावाआधी ‘चि.’ छापले जाते आणि एखाद्याच्या मुलाची ओळख ‘हे त्यांचे चिरंजीव’ अशी करून दिली जाते. हा दुसरा अर्थ आशीर्वादातून आलेला आहे, हे उघड आहे. वडीलधाऱ्याने धाकट्याला दीर्घायुष्य चिंतावे आणि त्या चिंतनालाच पुढे नात्याचे नाव मिळावे, असा हा प्रवास दिसतो. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, कोणीही हा शब्द स्वतःच्या नावामागे लावून घेत नाही. दीर्घायुष्य मागायचे ते आपल्यानंतर येणाऱ्यासाठी, असा संकेत या वापरात दडलेला आहे.

अमरत्वाच्या बहुतेक कथा हा संकेत मोडणाऱ्या माणसांच्या कथा आहेत. जे पुढच्यासाठी मागायचे ते त्यांना स्वतःसाठी हवे असते, किंवा न मागता ते त्यांच्या गळ्यात पडते. अशा कथांमध्ये अमरत्व जवळजवळ नेहमीच शापासारखे ठरते. ते तसे का ठरते, या प्रश्नाचे उत्तर समीक्षेने सामान्यतः अमर पात्राच्या मनात शोधले आहे: त्याला कंटाळा येतो, त्याची माणसे मरत जातात, जगण्याला अर्थ उरत नाही. हे उत्तर चुकीचे नाही. परंतु ते अपुरे आहे. प्रस्तुत निबंधासाठी निवडलेल्या कथनांमध्ये राज्य, मालमत्ता, विवाह, विमा आणि मृत्युपत्र यांचे उल्लेख वारंवार येतात, आणि ते केवळ पार्श्वभूमीसाठी येत नाहीत. या उल्लेखांना मध्यभागी ठेवून या कथनांचे तौलनिक वाचन करणे हा या निबंधाचा उद्देश आहे.

२. कंटाळ्याची उपपत्ती आणि तिची मर्यादा

अमरत्व आणि कंटाळा यांच्या संबंधाची सर्वांत परिचित तात्त्विक मांडणी इंग्लिश तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स यांची आहे. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात त्यांनी चापेक यांच्या नाटकाचाच आधार घेतला होता. माणसाला जगत राहण्यासाठी कारण पुरवणाऱ्या काही इच्छा असतात. या इच्छा त्याच्या स्वभावाशी निगडित असतात. आयुष्य अमर्याद लांबले आणि स्वभाव तोच राहिला, तर कधी ना कधी त्या इच्छा संपतात व पुनरावृत्ती सुरू होते. स्वभावच पालटत गेला, तर जो माणूस जगतो आहे तो मुळात अमरत्व मागणारा माणूस आहे असे म्हणणे कठीण होते. विल्यम्स यांच्या युक्तिवादाचा हा गाभा होय.

होर्हे लुईस बोर्हेस यांची १९४७ मधील ‘अमर’ ही कथा या उपपत्तीला जवळची वाटते. एक रोमन सैन्याधिकारी अमरांच्या नगरीच्या शोधात निघतो आणि अखेरीस त्याला भेटतात ते वाळूतल्या खड्ड्यांत निश्चल पडून राहणारे, बोलणेही टाकून दिलेले लोक. त्यांच्यापैकी एक होमर आहे. अनंत काळात प्रत्येकाच्या बाबतीत सर्व काही घडणारच असल्याने कोणत्याही कृतीला मोल उरलेले नाही. मात्र याच कथेतील एक तपशील कंटाळ्याच्या पलीकडे जातो. या अमरांपैकी एक जण खाणीत पडतो. तो मरू शकत नाही, पण तहानेने तळमळू शकतो. त्याच्याकडे दोर टाकला जातो तो सत्तर वर्षांनी. या प्रसंगात पडलेल्या माणसाचा कंटाळा महत्त्वाचा नाही. वर उभे असलेल्यांची करुणा लुप्त झाली आहे, हे महत्त्वाचे आहे. मरण नसेल तर घाई नाही, आणि घाई नसेल तर कोणी कोणाच्या हाकेला धावण्याचे कारण उरत नाही.

कंटाळ्याच्या उपपत्तीची मर्यादा येथे स्पष्ट होते. ती एकट्या माणसाचे अंतरंग तपासते. त्याच्या न मरण्याची किंमत इतर कोणी मोजत आहे काय, हा प्रश्न ती विचारत नाही. पुढील कथने हाच प्रश्न विचारतात.

३. ऐंशीव्या वर्षीचे कायदेशीर मरण

स्विफ्ट यांच्या ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’च्या (१७२६) तिसऱ्या भागात लग्नॅग या देशातील स्ट्रल्डब्रगांची हकीगत येते. एखाद्या घरात कधीतरी योगायोगाने डाव्या भुवईवर लाल वर्तुळाकार ठिपका असलेले मूल जन्मते. तो ठिपका वयाबरोबर रंग बदलतो आणि ते मूल मरणार नाही याची ती खूण असते. संपूर्ण राज्यात अशांची संख्या अकराशेपेक्षा अधिक नाही. हे ऐकताच गलिव्हर हर्षभरित होतो आणि आपण असे जन्मलो असतो तर काय केले असते, याचा आराखडा मांडू लागतो. त्यातील पहिला संकल्प संपत्तीचा आहे: काटकसर व व्यवहारचातुर्य यांच्या जोरावर सुमारे दोनशे वर्षांत आपण राज्यातील सर्वांत श्रीमंत माणूस होऊ. विद्या, इतिहासलेखन आणि तरुणांचे शिक्षण हे संकल्प त्यानंतर येतात.

वस्तुस्थिती वेगळी आहे. स्ट्रल्डब्रगांना मरण नाही, पण म्हातारपण आहे. नव्वदीत दात व केस जातात. वाक्याच्या शेवटापर्यंत पोहोचेतो आरंभ विसरला जात असल्याने त्यांना वाचनाचाही आनंद उरत नाही. देशाची भाषा बदलत राहते आणि दोनशे वर्षांनी ते स्वदेशातच परक्यासारखे होतात. हे वर्णन सर्वपरिचित आहे. त्यामानाने दुर्लक्षित राहिलेला भाग कायद्याचा आहे. ऐंशी वर्षे पूर्ण होताच स्ट्रल्डब्रग कायद्याच्या दृष्टीने मृत मानला जातो. वारस तत्काळ मालमत्तेचा ताबा घेतात. त्याच्या निर्वाहासाठी अल्प रक्कम राखून ठेवली जाते. त्याला जमीन विकत घेता येत नाही, विश्वासाचे पद धारण करता येत नाही. दोन स्ट्रल्डब्रगांचा विवाह झालेला असेल, तर दोघांतील धाकटे ऐंशीचे होताच तो संपुष्टात येतो. या कायद्यामागील कारणही सांगितले आहे: वार्धक्याबरोबर लोभ वाढतो, आणि प्रतिबंध न केल्यास हे अमर कालांतराने सगळ्या देशाचे मालक होऊन बसतील.

गलिव्हरचे स्वप्न आणि लग्नॅगचा कायदा शेजारी ठेवून वाचले की स्विफ्ट यांचा उपरोध नेमका कोठे आहे, ते कळते. सर्वांत श्रीमंत होण्याचा गलिव्हरचा पहिला संकल्प हाच त्या कायद्याचा धसका आहे. गलिव्हरसारखा सुशिक्षित, सदिच्छ माणूसही अमरत्व मिळाल्यास प्रथम साठवू लागेल. म्हणून कायद्याला त्याच्या जिवंतपणीच त्याचे मरण घोषित करावे लागते. तथापि स्विफ्ट हा कायदा न्याय्य म्हणून सोडून देत नाहीत. मालमत्तेतून, पदातून व विवाहातून वजा झालेले हे वृद्ध सर्वांच्या तिरस्काराचे धनी झाले आहेत. आवश्यक वाटणारा कायदा आणि त्यातून निपजलेली निर्दयता, या दोन्ही गोष्टी एकाच प्रकरणात एकमेकींशेजारी ठेवलेल्या आहेत. या द्वंद्वाकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

४. मृत्युपत्राचा खटला

चापेक यांचे नाटक प्रागमध्ये १९२२ मध्ये रंगभूमीवर आले. त्यावर आधारित लिओश यानाचेक यांचा ऑपेरा १९२६ मध्ये बर्नो येथे सादर झाला आणि पुढे मूळ नाटकापेक्षा अधिक गाजला. नाटकाची नायिका, प्रख्यात गायिका एमिलिया मार्टी, ही वस्तुतः सम्राट दुसरा रुडॉल्फ याच्या वैद्याची मुलगी एलिना माक्रोपुलोस आहे. वडिलांनी तयार केलेल्या रसायनाचा प्रयोग तिच्यावर झाला आणि तीनशेहून अधिक वर्षे ती नावे बदलत जगत आली आहे. विल्यम्स यांना तिच्यात गोठून गेलेले, थंड, कशातच रस न उरलेले मन दिसले, आणि ते तेथे निश्चितच आहे.

मात्र नाटकाचा पडदा उघडतो तो वकिलाच्या कचेरीत. ग्रेगोर विरुद्ध प्रुस हा जवळजवळ शंभर वर्षे चाललेला वारसाहक्काचा खटला निकालात निघण्याच्या बेतात आहे. मृत जहागीरदाराची मालमत्ता कोणाची, हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या कज्जात अडकला आहे, कारण त्याच्या अनौरस मुलाच्या बाजूचे मृत्युपत्र कोणाला सापडलेले नाही. त्या मुलाची आई एमिलियाच आहे, आणि ती याच कचेरीत येऊन बसली आहे. वादी आल्बर्ट ग्रेगोर हा तिचाच वंशज. हे ठाऊक नसल्याने तो तिच्या प्रेमात पडतो. वंशावळीत जी कित्येक पायऱ्या वर असावयास हवी ती त्याच्यासमोर तरुण उभी आहे, म्हणून कोण कोणाचा पूर्वज आणि कोण कोणाचा वंशज हा क्रमच विस्कटतो. प्रुसचा तरुण मुलगा यानेक तिच्यापायी आत्महत्या करतो आणि त्या वार्तेने तिच्यावर काहीही परिणाम होत नाही.

शेवटच्या अंकात रसायनाच्या सूत्राचे काय करावे यावर वाद रंगतो. वकिलाचा कारकून वीतेक म्हणतो, तीनशे वर्षांचे आयुष्य सर्व माणसांना द्यावे. साठ वर्षांत माणूस शिकून शहाणा कधी होणार? बॅरन प्रुसला ते निवडक श्रेष्ठींपुरते राखून ठेवायचे आहे. वकील कोलेनाटी यांची हरकत व्यावहारिक आहे: करार, निवृत्तिवेतन, विमा, वारसा ही सारी समाजव्यवस्था आयुष्य अल्प आहे या गृहीतावर उभी आहे. कोलेनाटींचे हे बोलणे प्रेक्षकांना हसवण्यासाठी असले, तरी खटल्याने सुरू झालेल्या नाटकात ते केवळ विनोद म्हणून बाजूला सारता येत नाही.

बर्नार्ड शॉ यांच्या ‘बॅक टू मेथुसेला’ या १९२१ मध्ये प्रकाशित झालेल्या नाट्यमालिकेत दीर्घायुष्य ही मानवाच्या शहाणपणाची पूर्वअट मानली आहे. वीतेकचा युक्तिवाद शॉ यांच्या भूमिकेला समांतर जातो. चापेक त्याची टर उडवत नाहीत. त्याला नाटकात पुरते बोलू देतात. निर्णय मात्र वीतेकची मुलगी, होतकरू गायिका क्रिस्टिना, हिच्या हातून होतो. एमिलिया ते सूत्र तिला देऊ करते: हे घे आणि माझ्यासारखी गा. ज्या नाटकात प्रत्येक जण वारशासाठी झगडत होता, त्यात वयाने सर्वांत लहान असलेली ही मुलगी समोर आलेला वारसा दिव्याच्या ज्योतीवर धरते. तिने जाळला तो अनंत काळ इतरांची जागा अडवून बसण्याचा अधिकार, असे या प्रसंगाचे वाचन करता येते.

५. पुत्राचे तारुण्य

भारतीय परंपरेत हा प्रश्न सर्वांत उघडपणे ययातीच्या कथेत मांडला गेला आहे. शुक्राचार्यांच्या शापाने अकाली वृद्ध झालेला ययाती आपले वार्धक्य एखाद्या मुलाला देऊन त्याचे तारुण्य घेऊ पाहतो. यदू, तुर्वसू, द्रुह्यू व अनू नकार देतात. धाकटा पुरू होकार देतो. महाभारताच्या आदिपर्वानुसार ययाती सहस्र वर्षे भोग घेतो आणि भोगाने इच्छा शमत नाही हे उमजल्यावर तारुण्य परत करतो. ही अक्षरशः अमरत्वाची कथा नसली, तरी लांबवलेल्या आयुष्याची आहे आणि विल्यम्स यांच्या उपपत्तीची परीक्षा घेणारी आहे. ययातीला कंटाळा येत नाही. त्याची इच्छा संपत नाही, उलट वाढते. कंटाळा हाच दीर्घायुष्याचा दोष असता, तर ययातीचे काही बिघडले नसते. तरीही वाचकाला ही कथा अस्वस्थ करते, कारण ते तारुण्य दुसऱ्याच्या अंगावरून उतरवलेले आहे.

कथेचा शेवटही वारशापाशीच येतो. थोरल्यांना डावलून धाकट्याला राज्य का, असा प्रश्न प्रजा विचारते आणि राजाला उत्तर द्यावे लागते. पित्याने पुत्राचा काळ घेतला आणि मोबदला म्हणून राज्य दिले, असा हा व्यवहार आहे.

वि. स. खांडेकर यांच्या ‘ययाति’ (१९५९) या कादंबरीला १९६० मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि पुढे खांडेकरांना ज्ञानपीठ पुरस्काराने गौरवण्यात आले. कादंबरीत निवेदनाचा अधिकार ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा या तिघांकडे आहे. भोगवादाच्या चिकित्सेसाठी ही योजना समर्पक ठरली. परंतु ज्याचे तारुण्य घेतले गेले त्या पुरूला निवेदनाचा अधिकार नाही, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. कथेत ज्याने सर्वांत अधिक दिले, त्याचे म्हणणे आई-वडिलांच्या शब्दांतूनच वाचकापर्यंत येते. गिरीश कर्नाड यांच्या ‘ययाति’ (१९६१) या कन्नड नाटकाने ही उणीव वेगळ्या वाटेने भरून काढली. त्यांनी पुरूच्या नवविवाहित पत्नीची, चित्रलेखेची, भूमिका निर्माण केली. पतीचे तारुण्य सासऱ्याने घेतले असेल, तर त्या तारुण्याबरोबर येणारी जबाबदारीही त्यानेच घ्यावी, असा तिचा तर्क आहे. ययातीजवळ त्याला उत्तर नाही, आणि चित्रलेखा विष घेते. पित्यापुत्रांमधील त्यागाच्या कथेत ज्या तिसऱ्या व्यक्तीला कोणीच विचारले नव्हते, तिला कर्नाडांनी बोलते केले.

६. अश्वत्थामा : गुन्हा आणि शिक्षा

या चर्चेत अश्वत्थाम्याचे स्थान मध्यवर्ती आहे. तो सात चिरंजीवांत गणला जातो; परंतु त्याचे दीर्घायुष्य वर म्हणून आलेले नाही. सौप्तिक पर्वात तो रात्री पांडवांच्या शिबिरात शिरून झोपलेल्या वीरांना मारतो. त्यांत द्रौपदीचे पाच पुत्र आहेत. नंतर तो आपले अस्त्र पांडवस्त्रियांच्या गर्भांवर टाकतो, म्हणजे उत्तरेच्या उदरातील परीक्षिताचाही घात होणार. कृष्णाचा शाप त्यानंतरचा आहे: रक्त आणि पू यांचा दुर्गंध घेऊन, कोणाशीही संभाषण न होता, एकट्याने पृथ्वीवर भटकत राहणे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या चिकित्सक आवृत्तीतही या शापाची मुदत तीन हजार वर्षे अशीच आहे. लोकमानसाने ती मुदत पुसून टाकली आणि त्याला कायमचे भटकत ठेवले.

या शिक्षेची निवड सहेतुक वाटते. इतक्या संहारानंतर वध ही स्वाभाविक शिक्षा असती. परंतु अश्वत्थाम्याचा गुन्हा साध्या हत्येहून निराळा आहे. त्याने मुलांना मारले आणि न जन्मलेल्यालाही मारू पाहिले. एका वंशाचा पुढचा काळ खुडून टाकण्याचा तो प्रयत्न होता. ज्याने दुसऱ्याचे ‘पुढे’ नष्ट करू पाहिले, त्याला असे आयुष्य दिले गेले की ज्यात वर्षे पुष्कळ आहेत, पण पुढे कोणाला काही देण्याची सोय नाही. संवाद नाही, संगत नाही, मस्तकावरचा मणीही गेला आहे. द्रोणाचार्यांनी ज्याच्यासाठी दारिद्र्याशी झुंज दिली, द्रुपदाचे अर्धे राज्य मिळवले, आणि ज्याच्या मृत्यूच्या खोट्या वार्तेने शस्त्र खाली ठेवले, त्या लाडक्या वारसाचा हा शेवट आहे. किंबहुना त्याला शेवट नाही, हीच त्याची शिक्षा आहे.

याच्या उलट बाजूला परीक्षित आहे. गर्भात मारला गेलेला आणि कृष्णाने जिवंत केलेला हा मुलगा मर्त्य आहे. भागवत परंपरेनुसार आपले मरण सात दिवसांवर आहे हे त्याला कळते आणि ते सात दिवस तो कथाश्रवणात घालवतो. पुढे त्याचा मुलगा जनमेजय सर्पसत्र करतो आणि त्या सत्रात वैशंपायन जे आख्यान सांगतो ते महाभारत होय. म्हणजे अश्वत्थाम्याची कथाही आज उपलब्ध आहे ती मर्त्य परीक्षिताला वारस होता म्हणून. जो मरत नाही त्याला आपली कथा सांगण्यासाठी श्रोता नाही. जो मेला त्याच्या मुलाला ती ऐकायला मिळाली. महाभारताच्या कथनरचनेतच अमरत्व आणि वारसा यांतील निवड अशी अंतर्भूत आहे.

धर्मवीर भारती यांच्या ‘अंधा युग’ (१९५४) या हिंदी काव्यनाटकात अश्वत्थाम्याच्या वेदनेला उतार मिळतो तो कृष्णाच्या मृत्यूच्या क्षणी. त्याच्या जखमेचा दाह कृष्णाने आपल्या मरणात सामावून घेतला, असे तेथे सूचित होते. न मरणाऱ्याच्या दुःखाचा निचरा मरणाऱ्याच्या देहातून होतो, हा भारतींचा अन्वयार्थ वरील विवेचनाशी सुसंगत आहे.

७. सीमेपलीकडची वाट

येथवरच्या विवेचनातून एक सोपा निष्कर्ष निघू शकतो: म्हाताऱ्यांनी वेळेवर जागा मोकळी करावी. हा निष्कर्ष घातक आहे, आणि तो का घातक आहे हे सारामागो यांच्या २००५ मधील कादंबरीने दाखवून दिले आहे. एका अनाम देशात नववर्षाच्या पहिल्या दिवसापासून कोणीही मरेनासे होते. आरंभीचा जल्लोष लवकरच ओसरतो. धर्मसंस्थेपुढे पेच उभा राहतो: मरण नसेल तर पुनरुत्थान कसले? अंत्यविधी करणारे व्यावसायिक, रुग्णालये आणि वृद्धाश्रम यांचे हिशेब कोलमडतात. विमा कंपन्या ऐंशी हे वय पॉलिसीपुरते मृत्यूचे वय ठरवून टाकतात. स्विफ्ट यांच्या लग्नॅगमध्येही आकडा ऐंशीच होता. जवळजवळ पावणेतीनशे वर्षांच्या अंतराने लिहिल्या गेलेल्या या दोन कृतींत देहाला मरण नसलेल्या समाजांनी कागदावरचे मरण शोधून काढले आहे.

त्यानंतर एक शेतकरी कुटुंब आपल्या मरणासन्न आजोबांना आणि एका तान्ह्या आजारी मुलाला रात्रीच्या अंधारात सीमेपलीकडे नेते. शेजारच्या देशात मरण चालू आहे. सीमा ओलांडताच दोघे मरतात आणि तेथेच त्यांना पुरले जाते. आजोबांनी स्वतःच ही विनंती केलेली असते. त्या कुटुंबाला वेदना झालेल्या असतात. परंतु वाट एकदा माहीत झाल्यावर तिचा व्यवसाय होतो. गुन्हेगारी टोळी शासनाशी संधान बांधून मरणासन्नांची ने-आण करू लागते. करुणेने उचललेल्या पहिल्या पावलाचे रूपांतर विल्हेवाटीच्या व्यवस्थेत व्हायला फार अवधी लागत नाही.

स्विफ्ट यांनी मांडून ठेवलेले द्वंद्व येथे पूर्ण होते. वडील पिढी काहीच सोडत नाही, तेव्हा मुलांचा काळ हिरावला जातो. ययाती आणि एमिलिया ही त्याची उदाहरणे आहेत. पुढची पिढी वडिलांकडे केवळ अडथळा म्हणून पाहू लागते, तेव्हा सीमेकडे जाणारी गाडी तयार होते. वारसा ही दोन्ही बाजूंनी पाळण्याची गोष्ट आहे. देणाऱ्याने योग्य वेळी सोडावे लागते आणि घेणाऱ्याने देणाऱ्याला माणूस म्हणून सांभाळावे लागते.

हा प्रश्न केवळ कल्पितातला नाही. भारताच्या २०११ च्या जनगणनेनुसार साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या दहा कोटींहून अधिक होती. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहासाठी २००७ मध्ये कायदा करावा लागला आणि त्यात, सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता घेऊन नंतर सांभाळ न केल्यास ते हस्तांतरण रद्द ठरवण्याची तरतूद आहे. वारसा आणि सांभाळ यांची सांगड तुटते आहे, ही जाणीव या तरतुदीमागे दिसते. अमरत्वाची कथने वर्गात शिकवताना ‘मृत्यू आवश्यक आहे’ एवढाच बोध काढला, तर या जाणिवेला ती स्पर्शही करणार नाहीत.

८. एक आक्षेप

अमरत्वाचे दोष सांगणारे सर्व साहित्य म्हणजे कोल्ह्याला द्राक्षे आंबट असा प्रकार आहे, असा आक्षेप घेतला जातो. जे मिळणे शक्य नाही त्याला नावे ठेवून माणूस स्वतःचे समाधान करून घेतो, हे त्याचे सार आहे. कंटाळ्याच्या उपपत्तीपुरता या आक्षेपात तथ्यांश आहे. मर्त्य लेखकाने अमर माणसाच्या कंटाळ्याविषयी दिलेली ग्वाही पडताळून पाहता येत नाही. परंतु वारशाच्या अंगाने वाचलेल्या कथनांना तो लागू पडत नाही. गलिव्हरचा लोभ, ययातीची मागणी, शंभर वर्षे तुंबलेला खटला, सीमेकडे जाणारी गाडी या गोष्टी समजण्यासाठी अमर असण्याची गरज नाही. अमरत्वाची कल्पना या कृतींत भिंगासारखी वापरली आहे. तिच्याखाली दिसतात ते मर्त्य माणसांच्याच घरातले व्यवहार.

९. समारोप

प्रस्तुत विवेचनातून पुढील निष्कर्ष हाती येतात. अमरत्वाच्या कथनांतील संकट अमर व्यक्तीच्या कंटाळ्यापुरते मर्यादित नाही. ययातीसारख्या कथेत कंटाळा नसतानाही ते संकट तितकेच तीव्र आहे. या कथनांमध्ये मालमत्ता, राज्य, विवाह व वंश यांचे प्रश्न गाभ्याशी असतात, कारण त्या सर्वांची रचना एका पिढीने दुसरीला जागा देण्यावर उभी आहे. महाभारताने अश्वत्थाम्याला दिलेली शिक्षा त्याच्या गुन्ह्याशी याच सूत्राने जोडलेली आहे. आणि ज्या समाजात वृद्धांकडे केवळ अडथळा म्हणून पाहिले जाते, तो समाज अमरत्वाइतकेच दुसरे संकट ओढवून घेतो, याची सूचना स्विफ्ट व सारामागो यांच्या कृतींतून मिळते.

लोकपरंपरेने या द्वंद्वावर आपल्यापरीने तोडगा काढलेला दिसतो. नंदुरबार जिल्ह्यातील सातपुड्याच्या रांगेत अश्वत्थाम्याशी जोडलेला अस्तंब्याचा डोंगर आहे आणि दिवाळीच्या दिवसांत तेथे यात्रेकरू चढून जातात. नर्मदेच्या परिसरात आणि परिक्रमावासीयांच्या कथनांत तो कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत फिरताना भेटतो. महाभारतातील शापाने त्याला संवाद नाकारला होता. या कथांमध्ये तो बोलतो, मागतो आणि ऐकणाऱ्याच्या दारी येतो. त्याचा गुन्हा कोणी विसरलेले नाही, त्याची जखमही कोणी बरी केलेली नाही. पण त्याच्या हातावर थोडे तेल घालावे, एवढी जागा मर्त्य माणसांनी त्याच्यासाठी आपल्या कथेत राखून ठेवली आहे.